दुसऱ्याच्या घोड्याखाली

"मिटला!" ट्रेलरखालून दाजींची आरोळी आली आणि पाठोपाठ पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मी माझ्या गाडीच्या पायरीवर बसून ताडगोळे सोलत होतो. सकाळच्या फेरीत जासईच्या वळणावर हिराबायकडून घेतले होते. बाई आगरी, तोंडाने फाटकी. चार ताडगोळे जास्त टाकायची आणि वर शिव्या द्यायची. दाजी ट्रेलरखालून बाहेर आले आणि डाव्या हाताने पँट झटकायला लागले. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. दोन दिवसांपूर्वी गरम रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ उसळून हात भाजला होता.

"दाजी, आज हात कसा पांढरा राहिला?" मी म्हणालो. "एरवी म्हशीचं बाळंतपण करून आल्यागत कोपरापर्यंत ग्रीसने बरबटलेला असतो."

"गप रं," दाजी म्हणाले. "तू हो म्होरं. मी येतो तुझ्या मागनं."

ही आमची रोजची चाल होती. दोन गाड्या, एकाच मालकाच्या. उरणकडच्या एका कंटेनर यार्डातून माल उचलायचा आणि बंदरावर टाकायचा. मी पुढे, दाजी मागे. सखाहरी दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शेवंताआक्काचे मालक. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऊसतोडीला जायचो. आक्काने मला कळंबोलीला बोलावून घेतलं, दाजींनी जवळ बसवून गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, मालकाकडे शब्द टाकला. "तू म्होरं चालव, म्हंजे काय चुकतंय ते मला मागनं दिसंल," असं ते म्हणायचे. मला या माणसाचा फार अभिमान होता. गावाकडे गेलो की लोकांना सांगायचो, बाप नव्हता मला, पण दाजी आहेत.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढच्या इंजिनाच्या गाडीला आम्ही घोडा म्हणतो. घोडा वेगळा, मागचा ट्रेलर वेगळा. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेला, भल्यामोठ्या तव्यासारखा लोखंडी पाट असतो. त्याच्या मधोमध खाच, आणि खाचेत जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी पोलादी पिन असते. घोडा मागे घेत घेत ट्रेलरखाली घालायचा. पिन खाचेत शिरली की जबडा खटकन मिटतो आणि पिनेची मान धरतो. चाळीस फुटी कंटेनर, आतला माल, सगळं त्या एका मानेवर ओढलं जातं.

पण ट्रेलर आपल्या पुढच्या लोखंडी पायांवर जरा जास्त उंच उभा असला तर पिन खाचेत शिरतच नाही. ती जबड्याच्या वर चढून बसते. खटका ऐकू येतो. ब्रेक लावून घोडा ओढून बघितला तरी ट्रेलर हलत नाही. गाडी यार्डातून शहाण्यासारखी बाहेर पडते, आणि एखाद्या खड्ड्यात पिन उडाली की सुटते. म्हणून खाली वाकायचं, बॅटरी मारायची, पाट आणि ट्रेलरमध्ये फट नाही ना ते बघायचं, जबड्याने पिन कवळली आहे का ते बघायचं. ते बघितल्यावरच ट्रेलरचे पाय वर घ्यायचे.

आणि आमच्या यार्डात एक रीत होती. ज्याने जोडलं त्यानेच बघायचं, दोन थापा मारायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं 'मिटला' म्हणून ओरडायचं. एकदा तो ओरडला की दुसऱ्याने त्याच्या घोड्याखाली वाकायचं नाही. वाकणं म्हणजे तोंडावर 'तू खोटा' म्हणणं. एका पोराने गंमत म्हणून असं केलं तेव्हा जुन्या ड्रायव्हरने त्याच्या डोक्यात पाना घातला होता, आणि चूक पोराचीच धरली गेली. मी तर दाजींचा मेव्हणा. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या गाडीखाली वाकायचं ही गोष्टच माझ्या मनात कधी आली नाही.

आम्ही निघालो. उन्हं चांगलीच तापली होती. जासईच्या वळणाआधी रस्ता खणून ठेवलेला होता, तिथे गाडी धाडकन आपटायची. मी हळू काढली आणि सवयीने आरशात बघितलं. दाजींचा घोडा खड्ड्यात उतरला, वर आला, वळणावर वळला. ट्रेलर वळला नाही.

ते बघताना मला आधी काही कळलंच नाही. घोडा एकीकडे चाललाय आणि कंटेनर सरळ चाललाय, एवढंच दिसलं. घोड्यापासून ट्रेलरला गेलेले हवेचे पाईप ताणले आणि तुटले. ट्रेलरचं नाक खाली आपटलं, डांबर उकरत, ठिणग्या उडवत ते रस्त्याच्या कडेला गेलं. कडेला झापांचं छप्पर होतं. छपराखाली हिराबाय होती.

मी पळत गेलो. मी बघितलं ते सांगणार नाही. रस्त्यावर ताडगोळे पसरले होते आणि लोक ते तुडवत धावत होते.

दाजी घोड्यातून उतरून तिथेच उभे होते. "कोण हाय? कोण हाय खाली?" एवढंच विचारत होते. मला वाटलं, धक्का बसलाय माणसाला. मी त्यांना धरून बाजूला बसवलं.

पोलिस आले. जमलेल्या लोकांनी दाजींना मारलंच असतं, पण पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं. ठाण्यात विचारणा सुरू झाली.

"जोडताना बघितलं होतंस का?"

"बघितलं, साहेब. मिटला व्हता," दाजी म्हणाले.

"कोणी पाहिलं तुला बघताना?"

दाजींनी माझ्याकडे तोंड केलं. मी म्हणालो, "मी पाहिलं. खाली वाकले, बॅटरी मारली, दोन थापा मारल्या." यात तसूभरही खोटं नव्हतं.

मग प्रश्न असा उरला की मिटलेला जबडा उघडला कसा. आणि त्याचं उत्तर सगळ्यांना लगेच सापडलं. आदल्या दिवशी मजीद मिस्त्रीने त्या जबड्याची स्प्रिंग बदलली होती. मजीद आमच्या यार्डातला फिटर, पनवेलचा. संध्याकाळच्या आत पोलिसांनी त्याला घरातून उचलून आणलं. बनियनवरच आणलं होतं बिचाऱ्याला. हिराबायच्या गावचे लोक ठाण्याबाहेर बसले होते, ते त्याच्या नावाने ओरडायला लागले.

"दिगूभाऊ," मजीद मला म्हणाला, "नवी स्प्रिंग टाकलीय मी. हाताने दहा वेळा उघडून मिटून बघितलाय तो जबडा. मिटला असता तर आपोआप उघडलाच नसता. तुम्ही बघितला होता का मिटलेला?"

"दाजींनी बघितला."

"मी तुम्हाला विचारतोय."

"दाजींनी सांगितलं मिटला, म्हणजे मिटला," मी म्हणालो. मला त्याचा रागच आला. स्वतःची मान वाचवायला हा माझ्या दाजींवर शिंतोडे उडवतोय, असं वाटलं.

मजीद कोठडीत राहिला. दाजींना मालकाने जामीन भरून बाहेर काढलं.

दोन-तीन दिवसांनी आरटीओचे बाविस्कर साहेब यार्डात आले. खानदेशी माणूस, अंगाने जाडजूड, बोलायला मवाळ. कमरेला पट्टा बांधलेला. आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, मला वाकायची मनाई आहे. कमरेत दोन मणके सरकलेत. तेव्हा आज तुम्ही लोकांनीच मला दाखवायचं." पोलिसांनी मजीदलाही आणलं होतं. तो एका टायरला टेकून उकिडवा बसला होता. सकाळची वेळ, यार्डातली कामं थांबलेली, सगळे ड्रायव्हर गोळा झालेले.

साहेबांनी दाजींचाच घोडा मागवला आणि एक रिकामा ट्रेलर उभा करून घेतला. दाजी यायच्या आधी त्यांनी यार्डाच्या माणसाला हळूच सांगितलं, "ट्रेलरचे पाय थोडे चढवून ठेव." मी शेजारीच होतो. मला हसू आलं. एवढ्या जुन्या ड्रायव्हरला हा डाव लांबूनच ओळखू येणार होता. ट्रेलर नेहमीपेक्षा उंच आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. दाजी येतील, एक नजर टाकतील आणि म्हणतील, 'आधी पाय खाली घ्या.' मग साहेबांनाही कळेल कुणाशी गाठ आहे ते.

दाजी आले. घोड्यात चढले. "काय करू, साहेब?"

"त्या दिवशी केलंत तसंच सगळं करा. काही वेगळं नको."

दाजी घोडा मागे घ्यायला लागले. मी वाट बघत होतो. आत्ता थांबतील, आत्ता मान बाहेर काढून ओरडतील. ते थांबले नाहीत. घोडा ट्रेलरखाली शिरला, खटका झाला. त्यांनी पाईप जोडले, पुढे ओढून बघितलं. ट्रेलरने धरलं.

दाजी उतरले, उजव्या हाताला अजून बँडेज होतं म्हणून बॅटरी डाव्या हातात घेतली, गुडघ्यावर बसले आणि खाली सरकले. थोड्या वेळाने आरोळी आली, "मिटला, साहेब!" आणि दोन थापा.

बाविस्कर साहेब कागदावर काही लिहीत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "तू बघ रे जरा खाली जाऊन."

"साहेब, आमच्यात दुसऱ्याच्या घोड्याखाली वाकत नाहीत."

"माहीत आहे मला. पण आज माझी कमर तू आहेस. जा."

ड्रायव्हर लोक कुजबुजायला लागले. एकाने तर तोंडावर म्हटलं, "दिगू, मेव्हणा हायस ना रं?" मी गुडघे टेकले आणि आत सरकलो. ग्रीसचा वास, गरम लोखंडाचा वास. दाजी अजून आतच होते, कोपरावर टेकलेले. बॅटरी चालू होती.

पाट आणि ट्रेलरच्या पोटामध्ये बोटभर फट होती, आणि फटीतून पलीकडच्या भिंतीवरचं ऊन दिसत होतं. जबडा उघडा होता. पिन त्याच्यावर टेकून बसली होती. एखाद्या पोराला दाखवलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

आणि दाजींच्या बॅटरीचा उजेड तिथे नव्हताच. तो पलीकडे, चाकाच्या मडगार्डवर पडला होता. दाजी डोळे ताणून त्या मडगार्डाकडे बघत होते.

"दिगू," ते माझ्या कानाशी अगदी हळू बोलले. "मिटलाय न्हवं रं?"

मला वाटलं होतं, दाजी मला दरडावतील. 'माझ्या गाडीखाली आलास?' म्हणून विचारतील. ते मला विचारत होते. त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. रोज तो हात कोपरापर्यंत आत जायचा तो सवय म्हणून नव्हे. हात चाचपून सांगायचा ते दाजी आरोळी देऊन आम्हाला सांगायचे. आणि त्या हाताला बँडेज होतं, डाव्या हातात दाखवायची बॅटरी होती, तेव्हा त्यांनी अंदाजाने सांगितलं.

"दाजी, तुम्हाला दिसत नाही का हो?" मी विचारलं.

"दिसतं," ते म्हणाले. "मधलं दिसतं थोडं. उजेडात दिसतं. कडंचं न्हाई दिसत." मग त्यांनी डावा हात पुढे केला. माझं तोंड त्यांच्यापासून वीतभर लांब होतं. हात माझ्या कानाला चाटून गेला, मग परत येऊन खांद्याला लागला. त्यांनी खांदा घट्ट धरला. "मिटलाय म्हन. तुझ्या आक्काचं काय व्हईल? मिस्त्री सुटंल, त्याला मालक वकील दील. आंधळ्या ड्रायव्हरला कोन देनार? म्हन रं बाबा. एकडाव म्हन."

"काय रे," बाहेरून साहेबांचा आवाज आला. "काय दिसतंय?"

ट्रेलरखालून मला बाहेरचे पाय तेवढे दिसत होते. साहेबांचे तपकिरी बूट, ड्रायव्हर लोकांच्या चपला. आणि टायरजवळ मजीदचे अनवाणी पाय. ठाण्यात आणताना चपला राहिल्या असणार. त्या पायांची बोटं मातीत रुतवून तो बसला होता.

मी आक्काचा विचार केला. खरंच केला. पुष्कळ वेळ केला असं मला वाटतं, पण तेवढा वेळ गेला नसणार, कारण साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"उघडा आहे, साहेब," मी म्हणालो. "पिन वर बसलीय. आणि दाजींना दिसत नाही."

दाजींनी माझा खांदा सोडला. बॅटरी बंद केली, मातीवर ठेवली आणि तिथेच पालथे पडून राहिले. त्यांना बाहेर काढायला दोघं लागले. बाहेर आल्यावर उन्हात ते डोळ्यांवर हात धरून उभे राहिले आणि एकाच बाजूला मान वळवून विचारत राहिले, "दिगू कुठाय?" मी दुसऱ्या बाजूला उभा होतो.

साहेबांनी दाजींना डॉक्टरकडे पाठवलं, कागद झाले, पोलिसांनी दाजींना परत ठाण्यात नेलं आणि मजीदला दुपारपर्यंत मोकळं केलं. जाताना तो माझ्याजवळ थांबला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि अनवाणीच फाटकाकडे चालू लागला. त्याला मी आधी कसा अडकवला होता आणि आता स्वतःच्या घराचं मी काय केलं होतं, हे त्याला बरोबर कळलं असावं.

संध्याकाळी मी कळंबोलीला गेलो. आक्का दारातच होती. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"त्यांना ठेवलं का?"

"ठेवलं."

"तू बोललास?"

"बोललो, आक्का."

ती आत गेली. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिने मला बस म्हटलं नाही.

"काचबिंदू हाय," ती आतून म्हणाली. "पनवेलच्या डॉक्टरनी सांगितलं व्हतं. गेलेली नजर येत न्हाई, राहिलेली जपा. तू ऊसतोडीला व्हतास तव्हाची गोष्ट."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्यांना गाडीवर बसू दिलं असतंस? आन् गाडी सोडून दुसरं काय येतं त्यांना?" ती कपाट उघडून काहीतरी काढत होती. "तुझ्या गाडीच्या मागचा लाल दिवा त्यांना दिसायचा. ब्रेक मारलास की कळायचं. वळलास की कळायचं. तेवढ्यावर चालवत व्हते. म्हनून तर तुला बोलावलं मी. भाऊ म्होरं आसंल तर काय भ्या न्हाई म्हनलं."

मला आधी ते नीट समजलं नाही. मग समजलं. कोयता सुटला, हातात स्टिअरिंग आलं, गावात मान मिळाला, ते सगळं मला आंदण मिळालं असं मी समजत होतो. मला माणसात आणलं म्हणून मी त्यांचे पाय धरायचो. आणि मला आणलं होतं दिवा म्हणून. राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं.

"आक्का, बाई मेली गं," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला. एक लेक हाय तिला, लग्नाची." तिने कपाट लावलं. "मी काय खुशीत बसलीय असं वाटतं का तुला? त्या दिसापासनं घास उतरला न्हाई." आणि मग म्हणाली, "मिस्त्रीला सोडला का?"

"सोडला."

"बरं झालं."

ती मनापासून बोलली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. माझी आक्का तशी खरी बाई होती, आणि अजूनही आहे, असं ऐकतो. पुढे दाजींना शिक्षा झाली, भोगून आले, आता गावाकडे असतात. पूर्ण दिसायचं बंद झालंय म्हणतात. मी गाडी चालवतो. कुणाच्याही घोड्याखाली वाकतो, त्यावरून शिव्या खातो. आक्काच्या दारात मात्र त्या संध्याकाळनंतर गेलेलो नाही.

त्या दिवशी उंबऱ्यातच तिने एक पिशवी आणून माझ्यापुढे धरली. आत टॉवेल होता, लुंगी होती, आणि औषधाची छोटी बाटली.

"डोळ्यात थेंब घालायचे आस्त्यात, सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "त्यांना एकट्याला जमत न्हाई, गालावर सांडत्यात. ठाण्यात कुना पोलिसाला सांग घालायला."

"मी घालतो की, आक्का. रोज जाईन मी."

"न्हाई," आक्का म्हणाली. "पोलिसाला सांग. तू घालू नगंस."